कुपी क्रमांक सातची लाल मूठ

३ फेब्रुवारी, सकाळी ११.४०

आजपासून रोज लिहायचं. कारणच तसं घडलंय. माझा सिनेमा, 'कुपी क्रमांक सात', डीव्हीडी डिस्कवर येतोय!

फोन आला तेव्हा मी दुकानात एका फ्रिजच्या मागे आडवा झालो होतो. डिस्कवाला म्हणाला, विस्मृतीत गेलेल्या विज्ञानपटांचा संच काढतोय, 'जगण्याची झुंज' या विषयावर. म्हटलं, अखेर लोकांना जाग आली तर. तो म्हणाला, चार सिनेमे हवे होते, तीनच सापडले होते.

स्पष्टवक्ता आहे. अशी माणसं मला आवडतात.

उद्या कुणी ही वही चाळलीच तर त्याच्या माहितीसाठी: अंतराळवीर कुपीत एकटा. दार अडकलेलं. नव्वद मिनिटांचा ऑक्सिजन, नव्वद मिनिटांचा सिनेमा. थिएटरात तीन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी मी आणि तिकीट फाडणारा असे दोघंच होतो, पण दोघंही शेवटपर्यंत बसलो. आमची ही मात्र पहिल्याच खेळाला विसाव्या मिनिटाला झोपली. म्हणते, एसी छान होता. एसी मीच दुरुस्त करून दिला होता.

संध्याकाळी

डिस्कवाल्याची अट: दिग्दर्शक आणि हीरो, दोघांनी सिनेमा बघत त्यावर बोलायचं, ती कॉमेंटरी रेकॉर्ड करायची. सोळा तारखेपर्यंत पाठवायची. हीरो पाहिजेच म्हणतो, कारण तो अकरा मिनिटांचा शॉट.

हीरो म्हणजे माझा दादा. त्याचं चष्म्याचं दुकान माझ्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर. सहा वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. शूटिंग संपल्यापासून. कलावंत म्हटला की लहरी असायचाच.

मी मनावर घेतलं तर चार दिवसांत बोलता करीन.

५ फेब्रुवारी

वहिनीला फोन केला. डिस्कचं ऐकून तिला आनंद झाला. मग म्हणाली, भाऊजी, तुम्हीच एकदा घरी येऊन त्यांच्याशी बोला ना. म्हटलं, आलो असतो, पण उन्हाळा तोंडावर आलाय, फ्रिजची कामं अंगावर आहेत.

आज दुकानात एकही फ्रिज आला नाही. पण आला असता तर?

८ फेब्रुवारी

डोकं दुखतंय. कॉम्प्रेसरवरचा आकडा चुकीचा वाचला, भलताच रिले जोडला, धूर झाला. गिऱ्हाईक उगाच ओरडलं. ही म्हणते, चष्मा बदला, सहा वर्षं तीच काच घासताय.

दुसऱ्या दुकानात जाणं शक्य नाही. घरात चष्मेवाला असताना बाहेर नंबर काढायचा म्हणजे दादाचं नाक कापल्यासारखं. आणि दादाकडे जायचं तर आधी त्याने बोलायला हवं. शिवाय माझा नंबर स्थिर आहे. हल्ली अक्षरंच बारीक छापतात.

१० फेब्रुवारी

दुकानामागच्या गोदामात जाऊन कुपी पुसून काढली. सहा वर्षांची धूळ. आत एक मेलेली पाल. बाकी यान उड्डाणाला तयार.

कुपी म्हणजे बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या कारखान्यातली कोल्ड रूम. आठ बाय सहा. चारी बाजूंनी जाड पत्रा, मध्ये फोम. मीच उचलून आणली, मीच चंदेरी रंग दिला, मीच मीटर बसवले. त्यातला एक मीटर अजून तापमान दाखवतो.

दाराला आतून एक मोठी लाल मूठ होती. कोल्ड रूमला असतेच. चुकून कुणी आत अडकलं तर मूठ दाबायची, की दार उघडतं. मी ती काढून टाकली. अंतराळयानात लाल मूठ म्हणजे दिसायला अगदी आइस्क्रीमचा कारखाना. त्या भोकावर मीटर लावला. दिग्दर्शकाला असे निर्णय घ्यावे लागतात.

दादाला तेव्हा बजावलं होतं, काही झालंच तर मीटर सरकव, भोकात स्क्रू-ड्रायव्हर घाल, दाब, दार उघडेल. साधी गोष्ट. त्याला जमली नाही. हात थरथरले म्हणे. चष्म्याचे बारीक स्क्रू बसवणारा माणूस!

तर तो शॉट. कॅमेरा आत बसवलेला, मी बाहेर पडद्यासमोर, कानाला हेडफोन. अंतराळवीर दार वाजवतो, अकरा मिनिटं, एकही कट नाही. पेपरात एक ओळ आली होती: 'यातला दार ठोठावण्याचा प्रसंग तेवढा खरा वाटतो.' कात्रण पाकिटात आहे. शॉटमध्ये दादा 'बाळ्या, दार उघड, बाळ्या' असं ओरडतो. संहितेत हे नव्हतं. बाळ्या हे माझं घरातलं नाव. पण दिग्दर्शक प्रसंगावधानी असला पाहिजे. मी नंतर एक दृश्य वाढवलं, अंतराळवीराला बाळ्या नावाचा मुलगा दिला. बाप-लेकाची ओढ आली. कॉमेंटरीत यावर सविस्तर बोलेन.

१२ फेब्रुवारी

वहिनीचा निरोप! दादा पंधराला संध्याकाळी पाच वाजता गोदामात येणार. येईन म्हणाला, बोलेनच असं नाही म्हणाला.

हिला सांगितलं, दादा माफी मागायला येतोय. हिने टीव्हीचा आवाज कमी केला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाढवला.

१४ फेब्रुवारी

उद्याची योजना. कॉमेंटरी कुपीतच बसून करायची. बाहेरचा आवाज नाही, आणि वातावरणनिर्मितीही होते. दादा पाचला येणार, तोवर माझा भाग उरकून घेईन. तो आला की त्याला म्हणायचं, ये, बस. बस, एवढंच. मोठेपणा आपण दाखवायचा.

ही उद्या बहिणीकडे जाणार. म्हणाली, कुणाला तरी सोबत ठेवा. कशाला?

१५ फेब्रुवारी, दुपारी ४.०५

कुपीत. लॅपटॉपवर सिनेमा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू. दाराला लाकडाची पाचर लावलीय. फटीतून रस्त्यावरच्या हॉर्नचा आवाज येतोय. कॉमेंटरीत हॉर्न? अवकाशात? पाचर काढून दार लावून घेतो. खिशात स्क्रू-ड्रायव्हर आहे.

४.१७

पहिली दहा मिनिटं अप्रतिम गेली. एकांताविषयी बोललो. गुदमरायला होतंय, दार उघडून येतो.

४.२१

मीटर सरकवला. भोकात स्क्रू-ड्रायव्हर घातला. तो नुसताच गोल फिरतोय.

४.२४

आठवलं. मूठ काढताना तिच्यामागची सळईही निघाली होती. ती मीच भंगारात दिली. म्हणजे भोकात दाबायला काही नाहीच. कधीच नव्हतं.

४.२५

फोनला रेंज नाही. जाड पत्रा. काम मजबूत केलंय, हे मान्य करावं लागेल.

४.२८

घाबरायचं कारण नाही. मी या धंद्यातला माणूस आहे. एवढ्या खोलीतली हवा एका माणसाला कित्येक तास पुरते. हिशेब केला. पुन्हा केला. आकडे नीट दिसत नाहीत.

४.३१

दार वाजवलं. फोममुळे आवाज बाहेर जात नाही. हेही मला माहीत होतं.

४.३६

शर्ट काढला. मीटर एकतीस दाखवतोय. अजून चालतोय. एकच चालतोय आणि तोही नको ते सांगतोय.

४.४०

लॅपटॉपवर तो शॉट लागला. मी बंद करायला गेलो, हात घामाने निसरडे, आवाज वाढला. दादा ओरडतोय, बाळ्या दार उघड. मी इथे त्याच दारापाशी. तो दार वाजवतोय त्याच जागी माझा हात. त्याच्या बुक्क्यांचे पोचे आहेत इथे. मी त्यावर रंग दिला होता.

४.४४

दादा

दादा ये ना

१६ फेब्रुवारी

काल चार पन्नासला दार उघडलं. दादा दहा मिनिटं आधी आला. तो सगळीकडे दहा मिनिटं आधी जातो, लहानपणी मला त्याचा राग यायचा.

बाहेरून उघडायला काही लागत नाही. कडी खाली ओढायची. त्याने ओढली. मी उघड्या अंगाने बाहेर पडलो, त्याचा दंड धरला. त्याने मला बाजूला केलं, दाराची आतली बाजू पाहिली, त्या भोकात बोट घातलं, आतमध्ये फिरवलं. मग बोट रुमालाला पुसून निघून गेला.

'ये, बस' म्हणायचं राहून गेलं.

रेकॉर्डिंग डिस्कवाल्याला पाठवलं. ऐकलं नाही. आज शेवटची तारीख, आणि ऐकायची गरजही नव्हती, मी तिथे हजर होतो.

२० फेब्रुवारी

डिस्कवाल्याचा फोन. बेहद्द खूश. अशी कॉमेंटरी जगात कुणी केली नसेल म्हणाला. दिग्दर्शक स्वतः कुपीत अडकतो, रडतो, भावाला हाका मारतो, काय कल्पना आहे, काय अभिनय आहे.

मी थँक यू म्हटलं.

फोन ठेवला. तो अभिनय नव्हता, हे सांगायला पुन्हा फोन उचलला. मग एक गिऱ्हाईक आलं. खरं तर आलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी

भंगारवाल्यांची तीन दुकानं पालथी घातली. लाल मूठ मिळाली, सळईसकट. दुसऱ्याच कंपनीची आहे, पण बसली. आत जाऊन दाबून पाहिली. उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा दाबलं. असं वीसेक वेळा. ही दारात येऊन उभी होती. काय करताय, असं तिने विचारलं नाही. पाचर मात्र हातात धरून होती.

१ मार्च, संध्याकाळी

डिस्क आली. कव्हरवर दादाचा हेल्मेटमधला चेहरा. माझं नाव मागे, बारीक अक्षरात. नाक लावून वाचलं.

घेऊन दादाकडे गेलो. सहा वर्षांनी जिना चढलो. वहिनीने दार उघडलं आणि काही न विचारता डिस्क लावली. दादा खुर्चीत. मी स्टुलावर. त्याने हा सिनेमा कधी पाहिलाच नव्हता, हे मला आज कळलं.

शॉट आला. पहिलं मिनिट. दुसरं. दादाने खुर्चीचे हात घट्ट धरले. चौथ्या मिनिटाला मी उठलो आणि टीव्ही बंद केला.

म्हटलं, दादा, इथे मला कळलं होतं. चौथ्या मिनिटाला. तू माझं नाव घेतलंस तेव्हा. हे नाटक नाही, हे मला कळलं होतं.

मग दादाने, सहा वर्षांनी पहिल्यांदा, माझ्याकडे बघून विचारलं, मग पुढची सात मिनिटं काय करत होतास?

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, फोकस छान लागला होता.

वाटलं, आता तो मला जिन्यावरून ढकलणार. ढकललं असतं तर बरं झालं असतं. वहिनी आत निघून गेली. दादाने हात पुढे केला आणि माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. दिव्यासमोर धरला. काचेवरच्या चऱ्यांवरून अंगठा फिरवला.

मला काहीच दिसत नव्हतं. दादाही दिसत नव्हता, नुसता एक आकार. मी मान खाली घातली आणि तसाच बसून राहिलो.

तो म्हणाला, ही सहा वर्षांपूर्वीची काच आहे. हा चष्मा इथेच ठेव. उद्या दहाला दुकानात ये, नंबर काढू.

चष्मा त्याच्याकडेच आहे. हे अंदाजानेच लिहितोय, ओळी वरखाली होत असतील.

उद्या दहा वाजता. पावणेदहालाच जाऊन उभा राहीन.