खोटी तिरडी

शहागड, माघ वद्य, शके १८५२

प्रिय इंद्रभान,

पोटभर आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. तुझ्या शिनेमाला पुण्याच्या एका पेपरानं ओंगळ म्हणलं अन् दुसऱ्यानं मोठी कला म्हणलं, असं लिहिलंस, अन् खाली विचारलंस, आक्का, तुला काय वाटलं? मला कोण विचारतं रे बाबा! चुलीपुढच्या राखेत तूच माझ्याकडून अक्षरं गिरवून घेतलीस, म्हणून एवढं तरी लिहून राह्यले. पण विचारलंसच तर ऐक. गोड लागणार न्हाई.

तुमची कंपनी गोदाकाठी उतरल्ती तवा गावात जत्राच भरली. आपला इंदर कॅमेरा घेऊन आला म्हणून माय प्रत्येकीच्या दारात जाऊन सांगून आली. मंग कळलं, तुम्हाला मेलेली म्हातारी पाहिजे, अन् तिरडीवर निजायला एक बाई तयार न्हाई. द्वारकाबाईनं तर तुझ्या साहेबाला चपलेनं हाणायचंच बाकी ठेवलं. तवा माय पदर खोचून पुढं आली. माझ्या लेकराचं काम अडून राह्यलं, मी निजते, त्यात माझं काय जातंय, म्हणली. तू तिच्या ओठांना गूळ चोळलास, माशा बसाव्यात म्हणून. ती हूं की चूं न करता पडून राह्यली. तू तिला सांगितलंस, माय, मी हाक मारेपर्यंत बिलकुल उठायचं न्हाई. आठवतंय ना? तिला आठवतंय.

आता कडूबाकाकाचं ऐक. गावातली प्रत्येक तिरडी त्यांच्या हातची, आपल्या बापाचीसुद्धा. तुझा साहेब म्हणला, नुसती दिसण्यापुरती बांधा. अरे, त्यांना दिसण्यापुरती येते कुठं! त्यांनी ओला बांबू तोडला, गाठी खऱ्या तिरडीला मारतात तशाच मारल्या, मायच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं, अन् हाताच्या सवयीनं नदीतला खडा उचलून मडक्याला भोक पाडलं. तो जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहाव्यापर्यंत त्या खड्यात राहतो, मंग तो नदीत सोडायचा, ही आपली रीत. बायांना तुम्ही खोटं रडायला सांगितलं होतं, पण तिरडी अशी बराबर बांधलेली बघून त्यांना खरंच रडू फुटलं. नंदाबाई मायचे गुण गाऊन गाऊन रडली. तू लांबून म्हणत होतास, वा, वा! मंग मायला उतरवलं, तिच्या अंजिरी लुगड्यात कडबा भरला अन् ते पेटवलं. तुमच्या गाड्या निघून गेल्या. कडूबाकाकाच्या मुठीत मात्र खडा तसाच. नदीत सोडावा तर जित्या बाईचा जीव सोडल्यावाणी, ठेवावा तर कुणाच्या घरात ठेवावा? शेवटी बिचाऱ्यांनी तो आणून मायच्याच हातावर ठेवला अन् मान खाली घालून गेले.

तवापासून गाव मायशी नीट बोलेना. वाईट कुणी वागलं न्हाई, खोटं कशाला सांगू. पण जात्यावर तिच्या जोडीला कुणी बसेना, पाणवठ्यावर ती आली की बाया कळशा उचलून बाजूला व्हायच्या, बारशाला बोलावणं न्हाई की हळदीला न्हाई. जिच्यासाठी एकदा रडून झालं तिला घरात कसं घ्यायचं, असं नंदाबाई माझ्या तोंडावर म्हणली. ओसरीवर माय जेवायला बसली की कावळे उतरायचे. लांब न्हाई, ताटाजवळ. चोच घालायचे अन् ती हात आवरायची. मी हाकलायला धावले तर म्हणायची, असू दे गं आसरा, त्यांचंच हाय ते.

मंग जालन्याला तुझा शिनेमा लागला असं कळलं अन् तिनं धोसरा धरला. मी मेले कशी, ते मला बघू दे. काय करणार? गाडी जुंपली, अंबडला मुक्काम केला अन् जुन्या जालन्यात पोचलो. धान्याच्या अडतीमागं तंबू होता. बायांच्या बाजूला कनात, पुढं पेटी वाजवणारा, अन् पडद्यावरची अक्षरं ओरडून वाचणारा एक बाबा. अन् एकदम माय आली. भिंतीएवढी. डोळे मिटलेले, अन् एक माशी तिच्या पापणीवर चालून राह्यली होती. हळूहळू. तू तो कॅमेरा किती वेळ तिथंच ठेवलास रे! पेटीवालासुद्धा थांबला. एक बाई किंचाळून आडवी झाली, कुणी पडद्यावर चप्पल भिरकावली, बंद करा, जाळा हे, असा गिल्ला झाला. एक वकील उभा राहून ओरडला, अरे बसा, ही कला हाय, तुम्हाला आरशात बघायची भीती वाटते! दुसऱ्या दिवशी तंबूत दुप्पट गर्दी झाली म्हणे.

अन् मी? इंदर, माय माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिचा हात माझ्या हातात होता, चांगला गरम. तरी मी छाती पिटून रडले. बाजूला बसलेली माय मला खोटी वाटली अन् पडद्यावरची खरी. मी घाबरून तिचा हात सोडला. म्हणून सांगते, तो ओंगळ म्हणणारा खुळा हाय. तू केलंस ती कलाच. इतकी पक्की, की माझ्या हातातली माय घेऊन गेली. मला राग येतो तो त्याचाच. मेल्या, दुसरी कुणी म्हातारी मिळाली नसती का तुला?

माय रडली न्हाई. चिता विझली, राख दिसली, कंदील लागले, माणसं उठली, तरी ती बसूनच. मशीनवाल्याला म्हणली, दादा, पुढचं लाव की. तो म्हणला, म्हातारे, संपलं. तर म्हणती, अन् मी उठले ते? मला तवा आठवलं. काठावर तू हाक मारलीस, माय उठ गं, तशी ती तिरडीवर उठून बसली, गूळ चाटला, थू केलं, अन् असली हसली की रडणाऱ्या बायासुद्धा हसायला लागल्या. तुझ्या माणसाचा हात कॅमेऱ्याचा दांडा फिरवीतच होता, मी बघितलं. तो तुकडा तू कापलास. बघणारे हसले असते म्हणूनच ना?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. जालन्याहून आली तशी माय भुईवर निजलीय, दक्षिणेकडं पाय करून. हात छातीवर, मुठीत तो खडा. वैद्य म्हणतो नाडी बराबर चालली. चमच्यानं पाजलं तर पाणी घेते, बाकी काही न्हाई. ओठांना मी काहीसुद्धा लावलं न्हाई, तरी माशा बसतात. ऊठ म्हणून पाया पडले. डोळे न उघडता म्हणते, इंदरनं हाक मारेपर्यंत उठायचं न्हाई. अगं, मारली होती की त्यानं, म्हणलं, तर म्हणते, मारली असती तर पडद्यावर दिसली असती. तो कापलेला तुकडा धाडून दे, असं लिहिणार होते. पण तुमच्या पट्टीला आवाज कुठं असतो? म्हणून तूच ये. मिळेल त्या गाडीनं ये, कॅमेरा तिकडंच ठेव. दारात उभा राहा, अन् तवा मारली होतीस तशी हाक मार.

तुझीच, वाटेकडं बघत बसलेली
आसराआक्का