पित्त कशाला म्हणतात

४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे पोटापासून आशीर्वाद. तुझ्या पोटाला भोकं पाडली म्हणून मुद्दाम पोटापासून.

काल तुझा आवाज ऐकून मला रडू आलं ते आनंदानं, हे आधीच सांगते, कारण तुझ्या धाकट्या बहिणीने उलटं सांगितलं असणार. फोनवर माझ्या डाव्या कानाला अर्धंच ऐकू येतं आणि उजव्या कानाशी धाकटी उभी असते, म्हणून पत्रच बरं. तू शुद्धीवर आलीस, बोललीस, नर्सबाईंवर चिडलीससुद्धा. म्हणजे माझी भिंगरी होती तशी आहे. पित्ताची पिशवी तेवढी गेली. जाऊ दे मेली.

पण मला राग कशाचा येतो सांगू? हिवाळाभर तू पोट धरून बसत होतीस आणि जो तो म्हणायचा पित्त झालंय. जावईबापू म्हणाले पित्त. चष्म्याच्या दुकानातले तुझे मालक म्हणाले पित्त, भिंगं घासताना वाकून बसू नकोस. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पोटाला बोटही न लावता गुलाबी औषधाची बाटली हातात दिली. आणि आता ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई सांगतात की आत खडे होते, आणि मूल नको म्हणून तू ज्या गोळ्या घेतेस त्यांच्यामुळे असे खडे व्हायला मदत होते, हे डॉक्टरलोकांना कधीचं ठाऊक आहे. ठाऊक आहे? मग गोळ्या विकणाऱ्यांनी तुला का नाही सांगितलं? पाकिटावर हसऱ्या मुलीचं चित्र छापायला जागा होती ना?

तू वकीलबाईंकडे गेली होतीस असं जावईबापू ओझरतं बोलले. काय ते सविस्तर लिही. आणि खडे बाटलीत घालून दिलेत म्हणे, ती बाटली उघड्यावर ठेवू नकोस. एखादा पाहुणा खडीसाखर म्हणून तोंडात टाकेल.

लोभ आहेच, तो ठेवायला आता पोटात जागाही झाली.
तुझी आजी

११ मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार. टाके ओढतात म्हणून तूर्त उभ्यानेच.

वकीलबाई सरळ आहेत, उगाच आशा लावत नाहीत. पहिल्याच भेटीत म्हणाल्या की गोळ्यांमुळेच खडे झाले असं छातीठोकपणे कुणी सांगणार नाही, पुष्कळजणी त्या घेतात आणि त्यांना काही होत नाही. आपलं म्हणणं एवढंच की धोका कंपनीला माहीत होता आणि पाकिटातल्या चिठोऱ्यावर तिने तो छापला नाही. छापला असता तर मी दुसरं काही वापरलं असतं. निदान दुखायला लागल्यावर डॉक्टरांना गोळ्यांचं बोलले असते. औषध खात्याकडे तक्रार करता येते, कंपनीवर भरपाईचा दावा लावता येतो, नाहीतर बाहेरच्या बाहेर तडजोड. दाव्याची मुदत उलटली की दार बंद, म्हणून तपासणीत खडे दिसल्यावर, ऑपरेशनच्या आधीच मी तक्रार आणि दावा दोन्ही करून टाकलं होतं. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून बोलले नाही.

परवा कंपनीचं उत्तर आलं. म्हणे, हिला लहानपणापासूनच पित्ताशयाचा विकार होता. कुठून काढलं हे? मला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, पूर्वीचं काही दुखणं? मी कळांनी वाकडी झालेली, सांगून गेले की लहानपणापासून पित्ताचा त्रास आहे. ते या परक्या मुलखातलेच, त्यांना आपली भाषा अर्धीमुर्धी येते. पित्त म्हणजे ती पिशवीच, असं धरून त्यांनी जुना विकार लिहून टाकला.

वर तडजोडीचा कागदही पाठवलाय. रक्कम बरी आहे, पण अट अशी की या गोळ्यांविषयी कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही, घरातसुद्धा नाही. हे म्हणतात सही कर आणि मोकळी हो. मीही थकले गं आजी. पुढच्या आठवड्यापर्यंत ठरवायचंय, तोवर धाकटीला काही बोलू नकोस.

वकीलबाईंचं म्हणणं, मला लहानाचं मोठं केलेलं माणूस साक्षीला आलं तर ते उत्तर खोडता येईल. तुला तिथल्याच कचेरीत बसवतील, बाकीची माणसं पडद्यावर दिसतील. झेपणार नसेल तर मोकळेपणी नाही म्हण.

माया आहे तशीच राहू दे, माझी बाजू आता जरा हलकी आहे.
तुझी भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद मागाहून, आधी भांडण.

धाकटीला बोलू नकोस म्हणतेस? तेच हसऱ्या मुलीचं पाकीट आमच्या बेसिनवरच्या फळीवर आहे, धाकटीच्या कंगव्याशेजारी. तुझं पत्र आलं तेव्हा ती दात घासत होती आणि ते पाकीट माझ्याकडे बघून हसत होतं. तिने चूळ भरेपर्यंत मी धीर धरला, यापेक्षा जास्त माझ्याकडून होणं नव्हतं. सगळं सांगून टाकलं. आधी ती माझ्यावर चिडली, मग तुझ्यावर, मग टॉवेल तोंडाला धरून बसून राहिली. आता दोघी डॉक्टरांकडे जाणार आहोत. तू सही केलेली नाहीस, म्हणजे अट अजून लागू झालेली नाही. एवढी वकिली मला कळते.

माणसाचं पोट कापायची वेळ आणायची आणि वर त्याचं तोंडही शिवायचं? कसले टाके हे?

साक्षीला येते म्हणून वकीलबाईंना कळव. झेपायचं काय त्यात, बोलायचंच आहे ना? जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला मुद्दाम बोलायला बोलावतंय! धाकटी म्हणते, थोडक्यात बोल. हिला कुणी विचारलं?

रागावले आहे, तरी लोभ कापलेला नाही.
आजी

३० मार्च

चि. भिंगरीस घसा बसलेल्या आजीचे आशीर्वाद.

साक्ष झाली. तुला आत बसू दिलं नाही, म्हणून मीच सांगते. ठेवणीतलं पातळ नेसले होते. खोलीत एक टेबल, पंखा, भाषांतर करणारी मुलगी आणि भिंतीवर पडदा. पडद्यात निवाडा करणाऱ्या अधिकारीबाई, तुझ्या वकीलबाई आणि कंपनीचा वकील, मानेपेक्षा कॉलर मोठी.

त्याने गोड आवाजात विचारलं, मुलीला लहानपणी पित्ताचा त्रास होता का? मी म्हटलं, होता की. तो खूश. कधी व्हायचा? मी सांगितलं, परीक्षा आली की, उन्हात हुंदडली की, रिकाम्यापोटी चहा ढोसला की, आणि आत्याबाई राहायला आल्या की हमखास. मग काय व्हायचं? डोकं धरायची, भडभडून ओकायची, दिवा मालवून पडायची आणि संध्याकाळी पुन्हा झाडावर. घरात आणखी कुणाला? म्हटलं, सगळ्यांना. तुझ्या आजोबांना तर नुसत्या बातम्या ऐकून व्हायचं.

त्यावर तो म्हणाला, म्हणजे या घराण्यातच पित्ताशयाचा रोग आहे, हे आजीबाईंना मान्य आहे. अगं, मी उठूनच उभी राहिले. म्हटलं, तुमचं तोंड बघून माझं पित्त आत्ता या घटकेला खवळलंय, तर माझीही पिशवी काढणार का?

भाषांतरवाली मुलगी अडली. तिने विचारलं, इथे पिशवीचा रोग लिहू की राग लिहू? अधिकारीबाईंनी विचारलं, एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे? ती म्हणाली, दोन कुठले, आमच्यात ओकारी, डोकेदुखी, जळजळ आणि संताप, सगळ्याला पित्तच म्हणतात. माझी आईही म्हणते. अधिकारीबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसत होत्या की काय कोण जाणे. जुन्या विकाराचा मुद्दा त्यांनी उत्तरातून काढून टाकायला लावला. कंपनीच्या वकिलाने पाणी मागितलं. इथे पेला होता, पण पडद्यातून देणार कसा?

कळव लवकर. तोवर हातात घेतलेल्या कामात लक्ष लागत नाही.
आजी

६ एप्रिल

ती. आजीस नमस्कार, आता थोडं वाकून.

वकीलबाई म्हणतात आपला दावा आता उभा राहील, पण निकाल कधी आणि काय, ते सांगवत नाही. पहिल्या कागदावर मी सही केली नाही, म्हणून कंपनीने नवा पाठवलाय. रक्कम वाढवली आहे आणि अटही. मी गप्प राहायचं आणि ‘साक्षीदार आजी’नेही. तुझी सही लागेल. हे पहिल्यांदाच म्हणाले की आजींना विचारल्याशिवाय काही करू नकोस. धाकटीचं काय झालं ते आधी कळव.

तुझ्या शब्दाची वाट बघणारी,
भिंगरी

९ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद, जावईबापूंनाही, या खेपेला जास्त.

धाकटीची पिशवी स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी गोळ्या बंद करून दुसरा उपाय दिला. येताना तिने मला रिक्षात घट्ट धरलं होतं, मी पडत नव्हते तरी.

कंपनीला कळव की फार उशीर झाला. धाकटीच्या तपासणीची वाट बघत दवाखान्याच्या बाकावर बसले होते, तिथे सगळ्यांना सांगून झालंय. शेजारची बाई, तुझ्याच वयाची, ऐकता ऐकता माझ्याकडे सरकली. तिने पर्स उघडली. आत तेच पाकीट. कशासाठी आलीस विचारलं, तर पोट धरून म्हणाली, काही नाही, पित्त झालंय. आमचा नंबर देऊन मी तिला आत ढकलली, डॉक्टरांना पाकीट दाखवायला लावलं, आणि बाहेर आली तशी तुझ्या वकीलबाईंचा पत्ता दिला.

तुला थकवा असेल तर तुझी सही तू कर, मी रुसणार नाही. माझी मिळायची नाही.

जीव आहे तोवर लोभ, आणि तोंडही,
तुझी आजी