डॉ. मुनीब यांच्या वाट्याची कॉफी

अल्लाहच्या नावाने. मी, नझमी सालेह अल-हलवानी, जन्म लिद्द, राहणार जबल अल-हुसेन, अम्मान, वय बहात्तर, पेशीतपासणीचा डॉक्टर, हे मृत्युपत्र आपखुशीने लिहीत आहे. हृदय थकले आहे, डोके शाबूत आहे. कान तर इतके शाबूत आहेत की पलीकडच्या खोलीत सून माझ्या मुलाला, सामिहला, म्हणते आहे, "बाबा पुन्हा त्या मुनीबचंच लिहीत बसलेत." बरोबर आहे, सूनबाई.

कलम १. शरियतेने वारसांचे हिस्से ठरवले आहेत, त्यांत मी ढवळाढवळ करत नाही. राहते घर व शिल्लक यांचे दोन तृतीयांश सामिहचे. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यावर माझी मर्जी चालते, ती खाली चालवली आहे.

कलम २. लिद्दचे घरही सामिहचे. किल्ली शोधू नये. अठ्ठेचाळीस साली आम्हाला गावातून हुसकावले, तेव्हा लवकरच परतायचे म्हणून वडिलांनी दार नुसते लोटून घेतले होते.

कलम ३. झरकाच्या निर्वासित छावणीत तंबूपुढे ज्या परातीत वडील मिठाई विकत, ती परात सुनेला. त्या परातीच्या जिवावर मी कैरोला डॉक्टर झालो. तिच्यात कपडे भिजत घालू नयेत.

कलम ४. हे कलम सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे.

लोकांना वाटते, माझा धंदा मढ्यांचा. तो जिवंतांचा होता. सर्जनने काढलेला तुकडा मेणात बसवायचा, पातळ चकती कापायची, रंगवून काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून बघायची आणि सांगायचे, कर्करोग आहे की नाही. माझी धाकटी बहीण वदाद शिवणकाम करी. तिच्या उजव्या दंडावर गाठ भराभर वाढली. तिचा सर्जन डॉ. मुनीब, त्याने त्यातला तुकडा माझ्याकडे पाठवला. सूक्ष्मदर्शकाखाली तो भयंकर दिसत होता. भल्याभल्यांना तिथे कर्करोग वाटतो. पण तो नव्हता. तसली गाठ आपली आपण विरते. कागद मागाहून देणार होतो, आधी मी स्वतः जाऊन सांगितले, "मुनीब, कापू नकोस."

तो म्हणाला, "नझमी, तू काचेत बघतोस, मी माणसात बघतो."

दुसऱ्या दिवशी वदादचा हात खांद्यापासून गेला. आणि त्याने आमच्या घरात सांगितले, "मी काय करणार? भावानेच कर्करोग म्हणून लिहून दिलं."

मी वदादला ती काच दाखवली. ती म्हणाली, "मला जांभळे ठिपके दिसतात, भाऊ. चुकलेला प्रत्येकजण असंच काहीतरी दाखवतो."

मी दवाखान्यादवाखान्यांतून खरे बोलू लागलो, तेव्हा मुनीब शहरातली बडी माणसे घेऊन समेटासाठी माझ्या घरी आला. मागणे घेऊन आलेला माणूस कॉफीचा कप समोर ठेवतो आणि मागणे मान्य झाल्याशिवाय ओठांना लावत नाही. मी ठरवले होते, वदादपुढे खरे बोलेपर्यंत त्याचा कप गार होऊ द्यायचा. त्याने एवढेच मागितले, "झालं गेलं विसरा, पुन्हा विषय नको." मी तोंड उघडण्याआधी आमचे थोरले, अबू जमील काका, बोलून गेले, "पी रे बाळा, पी. मान्य." थोरल्याचा शब्द मोडता येत नाही. मुनीब प्याला. वर म्हणाला, "वेलदोडा छान पडलाय."

तेव्हापासून मी गप्प आहे. मात्र तो शब्द मला हयातीपुरताच बांधतो, हे मी काझींना विचारून ठेवले आहे.

कलम ५. माझ्या शोकाला मुनीब येईल. तो कुणाचा शोक चुकवत नाही, पुढच्या खुर्चीवर बसतो. सर्वांना कडू कॉफी द्यावी. त्याचा कप भरून त्याच्यासमोर ठेवावा आणि सामिहने म्हणावे, "डॉक्टरसाहेब, या वेळी मागणं आमचं आहे. मान्य असेल तरच प्या. बाबांनी काय सांगितलं होतं, ते आत्याला सांगा." वदादला पुरुषांच्या दालनात बसवावे. कुणी नाक मुरडले तर मुरडू द्यावे.

कलम ६. माझ्या तिसऱ्या हिश्श्यातून छावणीतल्या लोकांसाठी फुकट पेशीतपासणीची खोली चालवावी. माझा सूक्ष्मदर्शक व ती काच तिथेच राहील. मुनीब खरे बोलला, तर खोलीला वदादचे नाव. न पिता उठला, तर पाटी अशी: "डॉ. मुनीब केंद्र. हात कापण्याआधी इथे विचारा." गाळा त्याच्या मुलाच्या दवाखान्यासमोर घेतला आहे. महाग पडला, पण तिथून पाटी दोन्ही बाजूंनी दिसते. मुनीब माझ्याआधी गेला, तर विचारायला कुणी उरलेच नाही, हीच पाटी लावावी.

कलम ७. वदाद, तू माझ्या घरी येतेस, डाव्या हाताने माझ्या नातवंडांना भरवतेस, पण माझ्याकडची कॉफी कधी घेत नाहीस. का, ते मी विचारले नाही, तू सांगितले नाहीस. त्या दिवशी तुझा कप त्याच्या कपाशेजारी ठेवायला सांगितले आहे. तो प्याला, तर तूही पी.

अम्मान, ९ ऑक्टोबर २०११.
सही: नझमी सालेह अल-हलवानी

साक्षीदार:
बशारा कावार, औषधविक्रेते, शेजारी. समक्ष सही झाली.
राशीद अल-हलवानी, म्हणजे अबू जमील. मला दोनदा वाचून दाखवले. शोकात थोरला मीच असेन. या वेळी तोंड उघडणार नाही.