मीठ घाल, की घालावे

ता. २ मार्च, शनिवार

मी, या वहीचा मालक, वय वर्षे त्र्याहत्तर, शिक्षण चौथी उत्तीर्ण, धंदा दुकानांच्या पाट्या रंगविणे — आता निवृत्त — खरे तेच लिहितो. माझ्या हातची एकही पाटी अशुद्ध नाही. स्वयंपाक मात्र येत नाही. चहा येतो. सूनबाई त्याला 'मामंजींचं गरम पाणी' म्हणते.

सूनबाई रुग्णालयात परिचारिका आहे. आज कामावर निघताना तिने मला जुंपले. वाचनालयाच्या सभागृहात येत्या दहा तारखेपासून दर रविवारी मुले आणि मोठी माणसे मिळून स्वयंपाक करणार आहेत. आपल्याकडून बापलेकीला पाठवायचे. पाककृतींचे पुस्तक ज्याचे त्याने आणायचे. "पुस्तक तुम्ही निवडा, मामंजी. पण तिला आवडेल असं."

माझा मुलगा सहा वर्षे बोटीवर इंजिनाचे काम करून गेल्या महिन्यात कायमचा घरी आला. तो गेला तेव्हा नात तीन वर्षांची होती. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. बाप घरात आला की मात्र भिंगरी थांबते. दोघे एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागतात. सूनबाईला वाटते, हात पिठात गेले की तोंडे उघडतील. पाहू.

ता. ४, सोमवार

पुस्तकाच्या दुकानात भिंगरीसह गेलो. दुकानदारीण बाईंनी एक रंगीत पुस्तक पुढे केले. "आजोबा, हे मुलांना फार आवडतं."

उघडले. 'टोमॅटो धू. चिर. बोट सांभाळ.'

विचारले, "हे कोणाशी बोलत आहे?"

"वाचणाऱ्याशी."

"वाचणाऱ्यांत माझा मुलगाही आहे. त्याला 'टोमॅटो धू' असे फर्मावणारा हा कोण लागून गेला?"

बाईंनी भिंगरीकडे पाहिले. भिंगरी छताकडे पाहत म्हणाली, "आजोबा, ह्यात चित्रं आहेत."

"चित्रांनी पोट भरत नाही."

मी दुसरे निवडले. जाड पुठ्ठा, चित्र एकही नाही. 'टोमॅटो धुवावेत. चिरावेत.' याला म्हणतात भाषा. नातीच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. तो आतून झाला असावा.

ता. ५, मंगळवार

सायंकाळी सराव ठेवला. पदार्थ — टोमॅटोचे सूप. मी खुर्ची टाकून परीक्षक म्हणून बसलो.

भिंगरीने वाचले, "पातेल्यात पाणी घ्यावे."

दोघे उभे.

मुलाने विचारले, "कोणी?"

"ते लिहिलेलं नाही."

"तू घेतेस?"

"तुम्ही घ्या."

"नको, तू घे."

"नाही, तुम्हीच."

पाणी अखेर परीक्षकाने घेतले. मिठाच्या वेळी उलट झाले. एकमेकांना त्रास नको म्हणून दोघांनीही गुपचूप घातले. वर थोडे पुस्तकावरही सांडले. सूप तोंडात धरवेना. दोघे म्हणाले, "छान झालंय."

नंतर मुलगा गॅलरीत आला. म्हणाला, "बाबा, ती मला 'तुम्ही' म्हणते. बँकेतल्या साहेबाला म्हणावं तसं."

मी म्हणालो, "मीच शिकविले. वडिलांना अहो-जाहो करणारी मुलगी आज दिवा घेऊन शोधली तरी सापडणार नाही."

"बोटीवर कप्तानाला आम्ही 'तुम्ही' म्हणायचो. त्याच्याशी मी कधी बोललो नाही."

"तूही मला 'तुम्ही'च म्हणतोस. त्याने काय बिघडले?"

तो आत गेला. गॅलरीत वारा फार होता, म्हणून गेला असावा.

ता. ७, गुरुवार

वाचनालयाच्या फळ्यावर सूचना वाचली — 'पहिल्या रविवारी प्रत्येक मुलाने एक पालक आणावा.' अर्थ स्वच्छ आहे. पहिल्या रविवारी भाजीची ओळख. मोठ्यांचे काम पुढे. माणूस आणायचा असता तर 'पालकास आणावे' असे लिहिले असते. 'आणावा' म्हणजे भाजीच. पन्नास वर्षे पाट्या रंगविल्या आहेत. मला कोणी शिकवू नये.

मुलाला सांगितले, "या रविवारी तुझी गरज नाही." त्याने सदऱ्याला इस्त्री करून ठेवली होती. ती घडी पुन्हा कपाटात ठेवली. 

ता. १०, रविवार

लिहू नये असे वाटते, पण खरे तेच लिहितो असे वर लिहून बसलो आहे.

बाजारातून ताजी, पाणी शिंपडलेली जुडी घेतली. भिंगरी आणि मी सभागृहात शिरलो. प्रत्येक टेबलाशी एक मूल, आणि मुलाशेजारी एक आई किंवा बाप. भाजी कोणाच्याच हातात नाही.

वाचनालयाच्या बाई आमच्याजवळ आल्या. "ये बाळ. आणि पालक?"

भिंगरीने जुडी वर केली.

हसू कसे पसरते ते मी प्रथमच इतक्या जवळून पाहिले. मी सूचनेतील चूक समजावून सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, "आजोबा, भाजी असती तर 'एक जुडी' लिहिलं नसतं का?"

चौथी उत्तीर्ण. बसा.

बाईंच्या सांगण्यावरून भिंगरीचा पालक म्हणून मीच टेबलाशी राहिलो. म्हणजे आमच्याकडे दोन पालक झाले, आणि कामाचा एक. मी देठे खुडली, पाने टाकून दिली. शेजारच्या टेबलावर तेच रंगीत पुस्तक होते. एक एवढीशी पोर त्यातून मोठ्याने वाचत होती, "बटाटा सोल. नीट सोल." आणि तिचा टकलू बाप मान खाली घालून सोलत होता. अपमान झाल्यासारखा दिसत नव्हता. मजेत होता.

 परतताना भिंगरी म्हणाली, "बाबा आले असते. त्यांनी शर्ट काढून ठेवला होता. मी बघितलं होतं."

ता. ११, सोमवार

सूनबाईला सर्व कळले आहे. जेवायला वाढताना म्हणाली, "पालक घ्या, मामंजी. की 'पालकास घ्यावे' म्हणू?" मुलगा हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते.

ता. १२, मंगळवार

जाड पुस्तक बदलून घ्यायला एकटाच दुकानात गेलो. बाईंनी विचारले, "काय हो, चूक निघाली का पुस्तकात?"

म्हणालो, "एकही नाही. तीच अडचण आहे."

त्यांनी पान उलटले. मिठाचा डाग निघाला. डागाचे पुस्तक परत घेत नाहीत. मग रंगीत पुस्तक वेगळे घेतले. जाड पुठ्ठ्याचे आता गरम पातेल्याखाली ठेवतो. कामाचे आहे.

रंगीत पुस्तक मुलाच्या हाती दिले. "तुला 'धू', 'चिर' असे म्हणेल. मनावर घेऊ नकोस."

तो म्हणाला, "बोटीवर याहून वाईट ऐकलंय, बाबा." आणि कपाटातून सदरा काढला. रविवार अजून लांब आहे.

ता. १७, रविवार

मी दाराबाहेर थांबलो होतो. आत जाणार नव्हतो. भिंगरी वाचत होती आणि मुलगा ऐकत होता. "अंडं फोड." फोडले. "ढवळ." ढवळले. "थांब." थांबला. मग ती ओरडली, "अरे बाबा, थांबलास काय, करपतंय! उलट ना!" हे पुस्तकात नाही. मी नंतर पान तपासले.

मुलगा मोठ्याने हसला. मागे वळला, आणि मी दिसलो. तो चाळीस वर्षांचा आहे. म्हणाला, "बाबा, दारात काय उभा आहेस? ये आत."

'या' असे सुधारणार होतो. पण त्याने घास पुढे केला, आणि तोंड भरलेले असताना बोलू नये.

प्रसंगी हजर — माझा मुलगा, माझी नात, वाचनालयाच्या बाई. आणि आता मुलाच्या अरे-तुरेतला मी.