कडूकंदाची टोपली

बाई,

काल प्रार्थनाघरात कापणीचा सण झाला. तुम्ही होता तेव्हा ज्यानं जे आणलं ते एकाच पातेल्यात पडायचं आणि सगळे एका पंगतीला बसायचे. आता लिलाव होतो. एक जण माईकवर भाव पुकारतो, पुढच्या खुर्च्यांवरचे एका भोपळ्यावरून चढाओढ करतात, जिंकणाऱ्याचं नाव घेऊन टाळ्या होतात. पैसा देवाच्या कामालाच जातो, म्हणून कोणी काही बोलत नाही.

टोकावड्यापलीकडच्या वाडीवरची म्हातारी आली होती. जिच्या पायाची जखम तुम्ही पावसाळाभर धुतलीत, तीच. एसटीत मांडीवर कडूकंदाची टोपली घेऊन आली. डोंगरात खणायचे, राखेत उकडायचे, चकत्या करून रात्रभर ओढ्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे ते तोंडात घालता येतात. मुरबाडच्या मिशन दवाखान्यामागच्या तुमच्या स्वयंपाकघरात तिनं ते पहिल्यांदा आणले, तेव्हा मी तिथे झाडलोट करायची आणि औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं लावत बसायची. ती दारातूनच विचारते, "बाय, तुमी आमचं खाता?" तुम्ही म्हणता, "आत ये की आधी. मीठ आण गं कोणीतरी." तुम्ही खाता, आणि आणखी मागून घेता.

त्याच वर्षी सणाला तालुक्याच्या साहेबांची बायको आली आणि मी चटईवरून उठले. तुम्ही हात धरून मला खाली बसवलंत. "बसेल ती मागे. तू उठलीस की तुझ्यामागच्या सगळ्यांना उठावं लागतं." चारचौघांत बोललात म्हणून मला राग आला होता. पुढे नीट वाचता यायला लागलं तेव्हा कळलं, ते तुमच्या मनातलं नव्हतं, शास्त्रातच होतं, बायबलात: श्रीमंताला चांगली जागा देऊन गरिबाला खाली बसवू नका. तेच शास्त्र कालही वाचलं गेलं.

माईकवाल्यानं टोपली वर धरली. "हे काय म्हणायचं?" मागून आवाज आला, "रानडुकराचा नाश्ता!" हशा झाला. मग वाशिंदचे प्लॉटवाले उठले आणि त्यांनी भोपळ्याहून मोठी बोली लावली. "गरिबाच्या टोपलीला मान!" केवढ्या टाळ्या, बाई. म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती.

सगळे गेल्यावर टोपली प्लॉटवाल्यांच्या खुर्चीखालीच होती.

"इसरला गो त्यो," ती म्हणाली. मग टोपली उचलून, "गाडीत जागा नसंल." ती तिनं माझ्या हातात दिली. "तूच ने. पुढल्या सालाला मी नाय येत. चढवत नाय आता एसटीत." तुम्ही असतात तर तिलाही म्हणाला असतात, "तू उठलीस की तुझ्यामागच्या सगळ्यांना उठावं लागतं." पण आता ते ऐकणारं तिथे कोण आहे?

आमचे हे गेल्यापासून घरात मी एकटीच जेवते. हा कागद तुम्ही दिलेल्या पुस्तकात ठेवीन, तुमच्या मागे तो दुसरीकडे कुठे पाठवणार? रात्री कंद ताटात घेतले, मीठ घातलं. तरी कडूच लागले. तुम्हालाही तेव्हा कडूच लागले असणार. मला आणखी घेववले नाहीत.