कर्ता नसलेले वाक्य

चि. भुंगी हिस मामाचे अनेक आशीर्वाद, आणि आशीर्वादापाठोपाठ एक शंका.

मी, तुझा सख्खा मामा, घरात ‘टाचणी’ या नावाने ओळखला जाणारा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, शीतगृहाच्या कंपनीतील अंतर्गत लेखापरीक्षक, हे पत्र तुझ्या स्टुडिओविषयी प्रसिद्ध झालेल्या बातमीचा खुलासा मागवण्यासाठी लिहीत आहे. तू हसणार हे मला ठाऊक आहे. हसून झाले की पुढे वाच. तुझा फोन कंपनीने दिलेला असल्यामुळे मी त्यावर बोलणार नाही. हे टपालाने येत आहे आणि उत्तरही टपालानेच यावे.

व्हिडिओ गेमच्या बातम्या देणारे ते संकेतस्थळ मी हल्ली जेवणाच्या सुट्टीत वाचतो. त्यातले निम्मे मला कळत नाही, पण परवाची बातमी पुरती कळली. तुमच्या स्टुडिओत दिग्दर्शकाकडून कर्मचाऱ्यांना अपमानास्पद वागणूक मिळाल्याच्या तक्रारी आहेत, आणि त्यावर कंपनीचे निवेदन असे: ‘काही चुका झाल्या. त्यांची जबाबदारी स्वीकारण्यात आली आहे.’ भुंगी, या दोन वाक्यांत कर्ता कुठे आहे? कोणी केल्या चुका? कोणी स्वीकारली जबाबदारी? ‘ने’ किंवा ‘नी’ हा प्रत्यय मी चष्मा पुसून शोधला. नाही सापडला. ज्या वाक्यातून माणूस निघून जातो तिथे पाणी मुरत असते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. आमच्याकडे एका भांडारप्रमुखानेही अशीच जबाबदारी ‘स्वीकारली’ होती; शीतकोठीची चावी मात्र त्याच्याच खिशात राहिली. तुमच्या साहेबांनी खोलीची चावी परत केली काय, ते कळव.

दुसरी बाब अधिक नाजूक. नाव न सांगण्याच्या अटीवर कोणी कर्मचारी बातमीदाराला म्हणाला आहे की, बैठकीत सगळ्यांना तोंडाला टाचणी लावून बसावे लागते. हा वाक्प्रचार माझ्यावरून निघालेला आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे आपल्या घराबाहेर गेलेला नाही. मग तो तिथे कसा पोहोचला? खरे काय ते लिही. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, मी यातले काही बोललेलो नाही. ती वरच्याच मजल्यावर राहते आणि तिचे कान तुझ्याइतकेच तिखट आहेत, एवढे ध्यानात ठेव.

लोभ आहेच, शंकेलाही थोडी जागा असावी.

तुझा मामा (टाचणी)
स्थळ : घर
दि. ४ मार्च

---

दि. ९ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

मी, तुमची भाची, कुठल्याच शाखेचे नाव न सांगणारी, हे पत्र तुमचा संशय फेडण्यासाठी लिहीत आहे. बघा, मलाही जमते!

बातमीदाराशी मी बोललेले नाही. तुमची टाचणी मात्र मीच ऑफिसात नेली. एकदा बैठकीतून बाहेर पडताना सहज म्हणून गेले, आणि आता सगळा मजला तेच म्हणतो. चहावाटपाच्या काकूंनाही पाठ झाले आहे. तेव्हा तो वाक्प्रचार आता घरचा राहिलेला नाही. तुम्ही हक्क सांगायला उशीर केलात.

बाकी तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर चांगले नाही. माझ्या मागे एक ॲनिमेटर बसायचा, आम्ही त्याला लंबू म्हणायचो. आमच्या खेळात पुलावर जो राक्षस येतो, त्याची चाल लंबूने केली आणि पावलांचा आवाज मी केला. जुना चामडी बूट ओल्या पोत्यावर आपटून. चाल त्याची, पाऊल माझे. लंबू आजारी पडला आणि रजा मागायला गेला, तेव्हा दिग्दर्शकसाहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभे करून, माणसाला बोलू नये असे बोलून घेतले. तो दुसऱ्या दिवशी आला नाही, आणि मग कधीच आला नाही. खेळ बाजारात आला तेव्हा काम करणाऱ्यांच्या नावांत त्याचे नाव नव्हते. साहेब म्हणाले होते की मैदान सोडून पळणाऱ्यांची नावे आपण देत नाही. मी तेव्हा शेजारच्या खोलीत ध्वनिमुद्रण करत होते, मी ते कानांनी ऐकले. मामा, या धंद्यात पुढची नोकरी त्या नावावर मिळते. खेळात नाव नसेल तर लंबूने ती दोन वर्षे काय केले, हे तो कुणाला दाखवणार?

साहेब आता ‘सल्लागार’ आहेत. खोली तीच, काचेची. मी दारे आवाजावरून ओळखते हे तुम्हांला माहीत आहे. ते दार अजून तसेच आपटते.

एचआरच्या बाई एकेकाला बोलावून विचारत आहेत. लंबूला काय झाले ते नव्हे. बातमीदाराशी कोण बोलले ते. म्हणून थोडी भीती वाटते. आईला कळू देऊ नका, ती तडक गाडी पकडून येईल.

लोभ वाढवा, संशय कमी करा.

तुमची भुंगी

---

चि. भुंगी हिस आशीर्वाद. पत्र पोहोचले, समाधान अर्धेच झाले.

तू बोललेली नाहीस, हे मी मान्य करतो. मान्य करणे आणि खात्री पटणे यांत फरक आहे, तो तूर्त बाजूला ठेवू. दाढी वाढवून तुझ्याशेजारी बसणाऱ्या तुझ्या त्या सहकाऱ्यावर तुझा कितपत विश्वास आहे? काकू चहा देताना किती वेळ रेंगाळतात? ही माणसे वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु तू कुणाजवळ काय बोलतेस याचे भान असावे.

‘सल्लागार’ हा शब्द वाचून मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याच खोलीत, त्याच दाराआड बसणारा मनुष्य केवळ सल्ला देतो, यावर माझा विश्वास नाही. संकेतस्थळाने ‘साहेब जबाबदारी स्वीकारून पायउतार’ असा मथळा दिला आहे, तो तर सरळसरळ चुकीचा आहे. चुकीचे छापलेले मला पाहवत नाही. म्हणून मी संपादकांना दुरुस्तीचे पत्र पाठवले आहे. चावी कोणाकडे आहे, पगारपत्रकावर कोणते पद आहे, आणि ज्याचे नाव वगळले त्याचे काय, असे प्रश्न विचारले आहेत. घाबरू नकोस, तुझे नाव कुठेही नाही. निनावी पत्र मात्र मी लिहीत नाही, तो माझा स्वभाव नाही. पत्राच्या आरंभी माझा दर्जा आणि हेतू नेहमीप्रमाणे स्पष्ट नमूद केला आहे.

प्रकृतीस जपावे. कानांना थंडी लागू देऊ नये, ते तुझे भांडवल आहे.

लोभ आहे तसाच आहे.

तुझा मामा (टाचणी)
स्थळ : कचेरी, जेवणाची सुट्टी
दि. १४ मार्च

---

दि. २० मार्च

मामा,

नमस्कार नंतर. तुमचे पत्र त्यांनी छापले. पहिलेच वाक्य मी तुमच्यासाठी उतरवून काढते: ‘मी, वाणिज्य शाखेचा पदवीधर व लेखापरीक्षक, ज्याची भाची सदर स्टुडिओच्या ध्वनिविभागात नोकरीस आहे, हे पत्र दुरुस्तीच्या हेतूने लिहीत आहे.’

आमच्या ध्वनिविभागात दोन माणसे आहेत, मामा. दुसऱ्याला दाढी आहे.

माझे नाव नाही म्हणालात! नावाऐवजी तुम्ही सगळी वंशावळ दिलीत. तुमचा तो दर्जा आणि तो हेतू एक दिवस बाहेर ठेवला असतात तर काय बिघडले असते? एचआरच्या बाईंनी ते पान छापून टेबलावर ठेवले होते. त्या ओरडल्या नाहीत, पाणीसुद्धा विचारले. मग एक कागद पुढे केला. त्यावर लिहिले आहे: ‘माझ्याकडून गोपनीय माहिती बाहेर गेली, याचा मला खेद आहे.’ सही केली तर समज देऊन सोडतील म्हणाल्या. नाही केली तर पुढे काय करायचे ते वरचे लोक पाहतील. शुक्रवारपर्यंत मुदत आहे.

आईला कळलेच. तिने फोनवर मला काही न विचारता एवढेच सांगितले की, टाचणीला आता भिंतीला टोचून ठेवते.

भुंगी

---

चि. भुंगी हिस,

ही चूक मी केली. झाली नाही, मी केली. व्याकरणात ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. तो वाक्यात उघडाच उभा राहतो. तसा मी उभा आहे. ज्या सवयीचा मला अभिमान होता, त्या सवयीने मी तुझ्याकडे बोट दाखवले. ताई काल खाली येऊन मला बोलायचे ते बोलली आणि मी तोंडाला टाचणी लावून ऐकून घेतले.

आता कामाचे. बाईंनी दिलेले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. साहेबांच्या वेळी ‘चुका झाल्या’. तुझ्या वेळी मात्र ‘माझ्याकडून’. त्यांच्या वाक्यात माणूस शोधून सापडत नाही आणि तुझ्या वाक्यात तो आरंभीच बसवला आहे, हा योगायोग आहे असे मी मानत नाही. शिवाय जे तू मला लिहिलेस ते माझ्यामार्फत बाहेर गेले, म्हणजे ते वाक्य सर्वस्वी खोटेही नाही. असा कागद सर्वांत धोक्याचा. थोडे खरे असते म्हणून मनुष्य सही करतो, आणि पुढे त्याच कागदावर सगळ्याचा दोष येतो.

माझे मत, सही करू नये. परंतु नोकरी तुझी आहे, घरभाडे तुझे आहे, आणि माझ्या मताने तुझे एकदा नुकसान झालेले आहे. म्हणून हे मत तू बाजूला ठेवलेस तरी मी शब्द काढणार नाही. कंपनीला लिहिलेले माफीपत्र तयार आहे. तू सांगेपर्यंत ते पाकिटातच राहील.

लोभ मागण्याचा अधिकार तूर्त माझ्याकडे नाही.

तुझा मामा
स्थळ : घर
दि. २३ मार्च

---

दि. ११ एप्रिल

ती. मामांस सा. न. वि. वि. (परत सुरू केले आहे, खूश व्हा.)

माफीपत्र पाकिटातच राहू द्या.

शुक्रवारी मी बाईंच्या कागदावर सही केली नाही, स्वतःचा कागद नेला. तुमच्याच पद्धतीने: मी कोण, कुठे बसते, कशासाठी लिहिते. मग, साहेबांनी लंबूला सगळ्यांसमोर हे-हे सुनावले. साहेबांनी त्याचे नाव काढायला सांगितले. मी ते ऐकले. मी ते माझ्या मामांना लिहिले. बातमीदाराला मी सांगितले नाही, पण छापून आले ते खरे आहे. प्रत्येक वाक्यात माणूस होता, मामा, तुम्ही मोजून घ्या. बाईंनी विनंती केली की ‘साहेबांनी’च्या जागी ‘वरिष्ठांकडून’ लिहू या. मी म्हटले, वरिष्ठ पुष्कळ आहेत, ओरडणारे एकच.

दाढीवाल्याने तो कागद वाचला आणि खाली आपले लिहिले: मी कोण, कुठे बसतो, कशासाठी. मग मजल्यावरच्या इतरांनी. टाचण्या निघाल्याच एकदाच्या! काकूंनीही सही करते म्हटले, पण त्या दुसऱ्या कंपनीच्या, म्हणून आम्ही नको म्हटले. त्या रुसल्या आहेत.

पुढचे तुम्ही वाचले असेलच. स्टुडिओने निवेदन बदलले, त्यात ‘दिग्दर्शकाने’ असा शब्द आहे. काचेची खोली रिकामी आहे. चावी रखवालदाराकडे आहे, मी मुद्दाम विचारले. आणि खेळाच्या नव्या आवृत्तीत लंबूचे नाव आले. त्याचा फोन आला होता.

माझे सगळे ठीक आहे. बसायची जागा बदलली आहे एवढेच. आता जुनी यंत्रे ठेवतात त्या खोलीत बसते. शांत आहे. तुम्ही खेळ विकत घेऊन स्वतः खात्री करणार आहात असे आई म्हणाली. कशाला तो त्रास? नावे अगदी शेवटी येतात, आणि तुम्ही पहिला पूलसुद्धा ओलांडणार नाही!

आईला सांगा मी वेळेवर जेवते. लोभ वाढवा, खरेच.

तुमची भुंगी

---

चि. भुंगी हिस मामाचे व ताईचे आशीर्वाद.

मी पूल ओलांडू शकलो नाही, हे प्रथम कबूल करतो. तुझा राक्षस येताना ऐकू येतो, दिसत नाही, आणि ऐकू आले की माझी बोटे गोठतात. पाऊल उत्तम आहे. ताईने मला बाजूला सारून ते यंत्र हातात घेतले आणि तिचे म्हणणे असे की ती राक्षसाला चुकवणारच होती. पण तिने भलतेच बटण दाबले, खेळ थांबला आणि पहिला पडदा परत आला. त्या पडद्याच्या कोपऱ्यात ‘नावे’ असे एक बटण आहे. पूल ओलांडण्याची आवश्यकता नाही. राक्षसाला भेटण्याचीही नाही.

हे तुला माहीत नव्हते, यावर माझा विश्वास बसत नाही.

आम्ही दोघांनी ती नावे पाहिली. ॲनिमेशनखाली लंबूचे नाव आहे. त्याचे खरे नाव नव्या बातमीत छापले होते तसेच आहे, शुद्धलेखनही बरोबर आहे. ध्वनिविभागाखाली एकच नाव आहे. ते दाढीवाल्याचे आहे.

ताईने पुन्हा पाहायला लावले. पुन्हा एकच नाव आले. मग ती वर गेली. ती आवाज न करता जिना चढली, आणि तुला ठाऊक आहे की ती अशी कधी चढत नाही.

आता मला विचारू दे. तू लंबूविषयी लिहिले होतेस की या धंद्यात पुढची नोकरी त्या नावावर मिळते. मग तू ‘सगळे ठीक आहे’ असे कोणत्या आधारावर लिहिलेस? जुन्या यंत्रांच्या खोलीत तुला कोणी बसवले? तिथून तू मला काही न सांगता कुठे निघून जाण्याच्या विचारात आहेस काय? माझ्या संशयाची तू नेहमी थट्टा करतेस. तो या वेळी खोटा ठरला तर मला आनंदच होईल.

संपादकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात एकच वाक्य आहे: ‘राक्षसाच्या पावलाचा आवाज करणाऱ्या मुलीचे नाव कोणी काढले?’ वाक्यात कर्त्याची जागा आहे. ती त्यांनी भरावी. वरती मी कोण हे लिहिण्याची ओळ मात्र या वेळी रिकामी ठेवली आहे. तिथे ‘भाचीचा मामा’ असे लिहू, की काहीच लिहू नको, की पत्रच पाठवू नको, ते तू ठरव. तुझे उत्तर येईपर्यंत पाकिटाला डिंक लावणार नाही.

तुझे जे उत्तर येईल, त्याखाली माझीही सही आहे.

तुझा मामा (टाचणी)
स्थळ : घर, ताईच्या पायऱ्यांखाली
दि. १९ एप्रिल