आपोआप वाजणाऱ्या पियानोची वाटणी

मी, सिद्धोधन मुंजाजी खंदारे, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी मुंबईच्या हॉटेलांत जाझ पियानो वाजवणे, सध्या काही नाही, राहणार ताडकळस, ता. पूर्णा, जि. परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणी भरीस न घालता लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हातांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही. कंपवाताने सही थरथरली तरी ती माझीच समजावी.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी केशरबाई हिला. तिच्या हयातीत तिला कोणी उठवू नये, सल्लाही देऊ नये.

२. पियानो कन्या धम्मशीला हिला. मुंबईचे हॉटेल बंद पडले तेव्हा मालकाने निरोपाच्या हाराऐवजी तो मला दिला. गंगाखेडहून साखर घेऊन गेलेल्या ट्रकने परतताना तो गावी आणला. भोके पाडलेला कागदाचा रोल लावून शिलाई मशीनसारखे पायडल मारले की हा पियानो आपोआप वाजतो. त्यामुळे मी नोकरीभर नुसते पायडलच मारले, असा गावाचा समज झाला. तो पसरवणारे माझे थोरले बंधू दत्तराव. "बसून बोटं हलवायला कुटं काम म्हणतेत?" हे वाक्य त्यांचेच. म्हणून माझ्या पुण्यानुमोदनाला, बुद्धवंदना झाल्यावर, रोल लावावा आणि पायडल दत्तरावांनी मारावेत. गुडघ्यांची सबब ऐकू नये.

३. रोल दोन आहेत. हात थरथरायची चिन्हे दिसताच मी पुण्याचे चंद्रभान यांना बोलावले. ते असे रोल नव्याने तयार करतात. त्यांनी पियानोच्या पट्ट्यांखाली तारा जोडल्या, मी वाजवले, आणि बोट कधी पडले, कधी उठले हे संगणकाने टिपले. त्यावरून कागदाला भोके पाडली. आता, माझा उजवा हात तालाच्या जरा मागून येतो, आमच्या एसटीसारखा, पण येतो. चंद्रभान यांनी तो उशीर मला न विचारता काढून टाकला. भल्या मनाने केले. तो रोल घरी लावला तेव्हा केशरबाईने स्वयंपाकघरातून विचारले, "कोन पाव्हणा वाजवायलाय?"

संसारात तिने माझ्या वाजवण्यावर केलेली ही पहिली टीका. मला फार लागले. हातातून तर मी चाललोच होतो, कागदावरही नव्हतो. हा सुधारलेला रोल दत्तरावांना द्यावा. मी सरळ व्हावे अशी त्यांची जन्माची इच्छा होती.

४. दुसरा रोल केशरबाईला. चंद्रभान म्हणाले, उशीर ठेवला तर लोकांना चूक वाटेल. मी म्हटले, वाटू द्या, माझी आहे. त्यांनी सगळा उशीर जिथल्या तिथे परत घातला. तोवर माझ्या हातातून पाण्याचा पेलाही सांडू लागला होता. रोल आला त्या दुपारी धम्मशीला पुढच्या खोलीत पायडल मारत होती. मी स्वयंपाकघरात केशरबाईच्या पाठीमागे पाणी पीत उभा होतो. तव्यावरची नजर न काढता तिने बाहेर हाक दिली, "अवो, बास आता, उठा. भाकर निवायलीय."

मग ती वळली आणि मी दिसलो. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली.

५. शेवटची अट धम्मशीलाने काटेकोर पाळावी. मी गेल्यावर हा रोल जेवणाच्या वेळी लावू नये. आई हाक मारील.

(सही) सिद्धोधन मुंजाजी खंदारे

वरील सही आमच्यासमोर झाली. वेळ लागला, पण कोणी हात धरला नाही.
साक्षीदार: १. भगवानराव सोपानराव शिंदे  २. बबिता सुगत वाघमारे

ताडकळस, दि. १७ नोव्हेंबर २०२५